नाट्यगृह पाडायचं की ठेवायचं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न तळमजल्याचा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी जुन्या पेठेत पालिकेचं नाट्यगृह आहे, त्याला लागून वाचनालय, खाली चौदा गाळे. त्यातला वह्या-पुस्तकांचा गाळा आजोबांपासून तुमच्याकडे आहे. समोरच्या चौकात आठवडे बाजार भरतो. आता पालिकेने ‘सांस्कृतिक संकुल’ काढलंय. सगळं पाडायचं, तळघरात पार्किंग, वर दोन मजले दुकानं आणि त्यावर हॉल. तुम्ही विचारताय की इमारतीला जुना इतिहास आहे, त्या जोरावर ती वाचेल का? की विरोध सोडून नव्या गाळ्यासाठी आत्तापासूनच नंबर लावावा?

गावाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं झालं. अशी चार-पाच गावं लगेच डोळ्यांसमोर आली, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मी आर्किटेक्ट आहे. जळगावात बसतो, कामं जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे. पालिकांसाठी नकाशे केलेत, गाळेधारकांच्या बाजूने उभा राहिलोय, आणि एकदा असंच एक संकुल स्वतःच्या सहीने उभं करून दोन्ही बाजूंचं नुकसान केलंय. त्याचं पुढे सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नाची मांडणी थोडी बदलतो. ‘इतिहास आहे म्हणून वाचवा’ हा मुद्दा सभेत मांडलात तर कोणीही विरोध करणार नाही. सगळे माना डोलावतील आणि ठरावात एक ओळ घालतील, की नव्या इमारतीच्या दर्शनी भागात जुन्या वास्तूचं छायाचित्र लावण्यात यावं. झालं, इतिहासाचा मान राखला! हे मी तीन ठिकाणी पाहिलंय. खरा प्रश्न असा की काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतची तीन-चार वर्षं, आणि त्यानंतर, त्या चौकात तळमजल्यावर बसायचा हक्क कुणाला राहणार. तुमची पेठ त्यावर टिकते. इमारत त्यामागून येते.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते धुळ्याचा इतिहास वाचताना. १८०३ साली होळकरांची लूट आणि दुष्काळ एकत्र आले आणि धुळं पूर्ण ओस पडलं. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने नव्या खान्देश जिल्ह्याचं ठाणं म्हणून हेच गाव निवडलं. १८१९ च्या जानेवारीत त्याने कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली, लांबलांबून कारागीर आणले, आणि सगळा खर्च झाला २७,००० रुपये. त्या वेळी गावात घरं ४०१ आणि माणसं २,५०९. म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढं. ब्रिग्जनेच त्याचं वर्णन केलंय: बागायतीने वेढलेलं, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्यात अडकलेलं लहानसं गाव.

पुढे त्याने काय केलं ते बघा. व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं आणि घरांच्या जागा बिनभाड्याने, कायमच्या दिल्या. वर पक्की घरं बांधायला आगाऊ रक्कमही दिली, बाहेरून येणाऱ्यांना आणि आधीपासून राहणाऱ्यांनाही. १८७२ पर्यंत वस्ती १२,४८९ वर गेली. ब्रिग्ज काही संत नव्हता, त्याला महसूल हवा होता. पण बाजार बसवायचा तर माणसाला ‘उद्या मला इथून उठवणार नाहीत’ एवढी खात्री द्यावी लागते, हे त्याला कळत होतं. धुळ्याच्या सरळ गल्ल्यांचं कौतुक सगळेच करतात, मला त्या ‘कायमच्या’चं जास्त वाटतं. तुमच्या संकुलाच्या प्रस्तावात कारंजं असेल, सेल्फी पॉइंट असेल, एलईडीची कमान असेल. हा ‘कायमचा’ शब्द कुठे आहे का, ते शोधा.

‘संस्कृती’ पेठेत आली ती याच क्रमाने, बाजारामागून. जळगाव कापसावर वाढलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपल्यावर तो कोसळला तेव्हा जळगावने मारही खाल्ला. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते प्रताप शेठजींच्या पैशावर, आणि तो पैसा गिरणीचा, व्यापाराचा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी अखेरचे दिवस धुळ्यात काढले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते तिथेच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्यानंतर त्याच गावात उभं राहिलं. रामदासी बाडं, म्हणजे जुन्या हस्तलिखित पोथ्या, गोळा करत हिंडलेल्या शंकर श्रीकृष्ण देवांचं समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस स्टेशनजवळच्या आपल्या घरातच राहिले, तिथेच काम केलं, आणि आज तेच घर कलादालन म्हणून बघायला मिळतं. यातलं एकही काम ‘सांस्कृतिक संकुल’ या शीर्षाखाली झालेलं नाही. कुणाचा वाडा होता, कुणाची देणगी, कुणाचा हट्ट. आणि आजूबाजूला अशी पेठ होती की माणूस कापडाच्या कामाला आला तरी जाताजाता वाचनालयात डोकावेल.

म्हणून मी कुठल्याही पेठेचं काम घेतलं की टेप काढायच्या आधी दोन दिवस नुसता बसतो. एक दिवस बाजाराचा, एक साधा. सकाळी सहाला कोण येतं, पेपर वाचायला कोण थांबतं, दुपारी ओट्यावर कोण पडतं, संध्याकाळी तालमीला कोण येतं, शेवटचं शटर किती वाजता पडतं, सगळं वहीत उतरवतो. एका गावात असा बसलो असताना लक्षात आलं की नाट्यगृहाचा सगळ्यात जास्त वापर होतो तो त्याच्या पायऱ्यांचा. मजूर सकाळी तिथेच जमायचे, दुपारी बाजारहाट करून दमलेल्या बाया पिशव्या टेकवायच्या, रात्री पोरं. पालिकेच्या नकाशात त्या जागी ‘रॅम्प टू बेसमेंट’ लिहिलं होतं.

आता माझ्या चुकीचं. गाव सांगत नाही. जुना हॉल पत्र्याचा होता. साडेतीनशे खुर्च्या, त्यातल्या निम्म्या एकमेकींना तारेने बांधलेल्या, पण रंगमंच अस्सल सागवानी. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात दुसरा अंक कुणाला ऐकू यायचा नाही. आम्ही ते पाडून सातशे खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह बांधलं, खाली दोन मजले गाळे. हिशोब असा मांडला होता की गाळ्यांच्या अनामतीतून बांधकाम निघेल आणि भाड्यातून हॉल चालेल. कागदावर तो बिनचूक होता.

झालं असं. गाळ्यांचा लिलाव झाला, आणि जुन्या भाडेकरूंपैकी दोघेच ती अनामत भरू शकले. बाकीचे गाळे गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी घेतले. पहिल्या मजल्यावरचे बरेच तर आजही बंद आहेत, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक जिना चढत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी नकाशात ते गाळे काढले. तळमजल्यावर एटीएम, मोबाइलवाला, एक पतपेढी. संध्याकाळी सातनंतर चौकात अंधार. आणि हॉल? राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी दीड-दोन महिने रोज तालीम लागते. जुन्या हॉलमध्ये मंडळी नाममात्र पैसे भरून, दोन ट्यूबलाइट लावून बसायची. नव्यात दिवा लावायचा तरी एसीच्या हिशोबाचं भाडं. मंडळींनी एका शाळेचा वर्ग धरला आणि हॉल उरला सत्कारांना. मोठ्या आकाराचा हॉल मोठ्या गावाला शोभतो. तुमच्या गावात तिकीट काढून सातशे लोक वर्षातून किती वेळा येतात, हे मोजल्याशिवाय खुर्च्यांचा आकडा ठरवू देऊ नका. तीनशे खुर्च्यांचा, पंख्यांवर चालणारा आणि आवाज नीट पोचणारा हॉल गावाला जास्त वर्षं पुरतो.

उद्घाटनानंतर एका जुन्या गाळेधारकाने मला रस्त्यात गाठलं. तक्रार केली नाही, फक्त विचारलं, “भाऊ, मन्हं दुकान कोठे जाई?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांचं दुकान बायपासला गेलं आणि दीड वर्षात बंद झालं.

आता इमारतीकडे येऊ. इथे खूप काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि फोटोवरून मी निकाल देणार नाही. तुम्ही लिहिता की ‘स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये धोकादायक ठरली आहे’. तो अहवाल मागवा, लागला तर माहिती अधिकारात, आणि तपासणी कशी केली ते पान आधी उघडा. त्यात नुसते रिबाउंड हॅमरचे आकडे असतील तर थांबा. ते उपकरण काँक्रीटसाठी आहे. तुमची इमारत तुमच्या वर्णनावरून लाकडी खांब-तुळया, मातीत रचलेल्या विटा आणि वर नंतर कधीतरी ओतलेला स्लॅब अशी दिसते. अशा इमारतीत बघायचं असतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि खांबाचं बूड. टोचा घ्यायचा आणि दाबून बघायचं. अर्धा इंचही न जाता अडला तर लाकूड खणखणीत, मुठीपर्यंत गेला तर वाळवीने आतून पोखरलंय. सातपुड्याचं जुनं सागवान मधल्या भागात सहसा शाबूत असतं, कुजतं ते जिथे ओल धरते तिथे. तेवढा भाग कापून नव्या लाकडाचा सांधा देता येतो. असं काम करणारे सुतार आपल्याकडे अजून आहेत, फक्त ते टेंडर भरत नाहीत.

आणखी एक हमखास कारण बघा. जुन्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, लोक दरवर्षी पावसाआधी खारी माती टाकायचे. ते बंद झालं आणि गळती थांबवायला वर काँक्रीट ओतलं गेलं. भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळे मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडेना. म्हणजे इमारत म्हातारी झाली म्हणून मोडकळीला आलेली नसते, पुष्कळदा तिला मागच्या चाळीस वर्षांतल्या दुरुस्तीने आजारी पाडलेलं असतं. पण हेही सांगतो, मी काही इमारती स्वतः ‘पाडा’ म्हणून लिहून दिल्यात. चार खांबांची बुडं गेली असतील, भिंत ओळंब्यात नसेल आणि खाली रोज माणसं बसत असतील, तर वारशाचं प्रेम बाजूला ठेवायचं. तुमच्या इमारतीचं दोनपैकी कुठलं, हे लाकडाची इमारत समजणारा इंजिनिअरच प्रत्यक्ष बघून सांगेल. त्याची फी चौदा गाळेधारकांनी वर्गणी काढून भरा. पालिकेने भरली तर अहवाल पालिकेचा होतो.

पाडायचं ठरलंच तर सागवानाची मोजदाद आधी करून घ्या. आपल्याकडे जुने वाडे कित्येकदा ‘फुकट’ पाडून दिले जातात, कारण पाडणाऱ्याला लाकूड मिळतं. एका खांबाची किंमत आज काय आहे हे एखाद्या फर्निचरवाल्याला विचारा, म्हणजे त्या फुकटाचा अर्थ कळेल.

यातच एक बारीक गोष्ट लपलेली असते, ती सभेत कोणी बोलत नाही: रस्तारेषा. विकास आराखड्यात तुमच्यासमोरचा रस्ता रुंद दाखवला असेल, तर जुनी इमारत दुरुस्त करून वापरता तोवर ती साधारण आहे त्या जागी राहते. पाडून नवी बांधली की मागे सरकावं लागतं. तुमच्या गाळ्याची खोली किती? बारा फूट? त्यातले पाच फूट रस्त्यात गेले तर ‘जुन्या गाळ्याच्या बदल्यात नवा गाळा’ या वाक्याला काय अर्थ उरतो? पालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा काढा आणि रेषा कुठून जाते ते मोजा. हे एका सकाळचं काम आहे.

नदीचंही विचारतो. आपली बहुतेक गावं नदीला खेटून वसलीत. धुळ्याला पांझरा, अमळनेरला बोरी, चाळीसगावला तितूर-डोंगरी. १८७२ च्या पुराने धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान केलं. तेवढं मागे जायला नको, २०२१ च्या ३१ ऑगस्टला चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी कसं शिरलं ते अनेकांनी पाहिलंय. अशा पेठेत तळघरात पार्किंग म्हणजे पाण्यासाठी खणलेली टाकी. तुमची जागा पूररेषेच्या आत येते का, हे विचारा. येत असेल तर तळघराचा मुद्दा तिथेच निकालात निघेल, आणि तळघर गेलं की ‘सगळं पाडलंच पाहिजे’ हा आग्रहही बराच सैल होतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पुढचं वकिलाला विचारा. खासगी मालकाच्या जागेत भाडेकरू असता तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा आधार मिळाला असता. पालिकेच्या मालकीच्या जागेला तो कायदा लागू नाही. गाळेधारकांचा मोठा गैरसमज इथे असतो. ‘तीन पिढ्या भाडं भरतोय’ हे खरं असलं तरी कागदावर तुमचा आधार फक्त करारनामा. त्याची मुदत संपली असेल आणि नुसत्या पावत्यांवर चाललं असेल तर तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमजोर आहे. वाईट वाटेल, पण हे आत्ताच कळलेलं बरं.

उलट चौकातल्या आठवडे बाजाराची बाजू तिथल्या विक्रेत्यांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात असं तत्त्व आहे की पन्नास वर्षांहून जास्त काळ आपोआप भरत आलेला बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असायला हवेत. तुमच्या गावात ही समिती कागदावर तरी आहे का ते पाहा. भाजीवाल्या मावशी आणि चौदा गाळेधारक आजवर पाण्यावरून, सावलीवरून भांडत आले असतील. या प्रकरणात तुमचं हित एकच आहे, आणि कायद्याने मजबूत त्या आहेत, तुम्ही नाही.

वारसा यादीचं म्हणाल तर ती पालिकेने तयार करून मंजूर झालेली असेल आणि तुमची इमारत तिच्यात असेल, तरच संरक्षण मिळतं. बहुतेक तालुक्याच्या गावांत अशी यादीच नाही. नवी करायला लावणं शक्य आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि टेंडर निघाल्यावर केलेला यादीचा अर्ज हा अडथळा समजला जातो. टेंडर निघालं नसेल तर जरूर करा.

चौकाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. जळगावचा श्रीरामाचा रथ पाहिला असेलच, कार्तिकी एकादशीचा. दीडशेच्या आसपास वर्षांची परंपरा. रथ वळवायचा, थांबवायचा तो चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावून. मोगरी लावणाऱ्यांना गल्लीतला प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक कोपरा पाठ असतो. भिलपुऱ्यात रथ थांबतो, दर्ग्यावर चादर चढते, मग पुढे. जुन्या जळगावच्या रस्त्याचं सगळ्यात अचूक मोजमाप हा रथ आहे. कुठल्याही विकास आराखड्यापेक्षा जास्त वर्षं त्याने त्या गल्ल्या मोकळ्या ठेवल्यात. तुमच्याही गावात असं काहीतरी असेल. रथ असेल, पालखी असेल, ताबूत असतील. नाहीतर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशातली देवी कानबाई बसतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जातात, तो रस्ता असेल. हे सगळे रस्ते एका नकाशावर रंगीत पेन्सिलीने काढा आणि सभेत ठेवा. मी एका गावात असा नकाशा ठेवला तेव्हा पार्किंगच्या रॅम्पवरून अर्धा तास वाद घालणारे नगरसेवक गप्प झाले, कारण पालखीच्या रस्त्यावर रॅम्प घालतो म्हणायची कुणाची छाती झाली नाही. इतिहासाच्या भाषणाने हे होत नाही.

आणि ऊन. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, कधी त्याहून वर. जुन्या पेठेत दुपारी दोनला चालता येतं ते गल्ली अरुंद आहे, ओटे आहेत, वरच्या मजल्याची लाकडी गॅलरी पुढे आलीय म्हणून. त्या जागी काचेची दर्शनी भिंत आणि फरसबंद मोकळा ‘प्लाझा’ आला की चार महिने तिथे दिवसा कुत्रंही बसणार नाही. नवी इमारत होणारच असेल तर समोर आठ-दहा फुटांचा छपराखालचा ओटा मागा, सलग आणि सगळ्यांना खुला. खर्च फार नाही आणि पायऱ्यांवरची सगळी माणसं त्यावर मावतात.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं करेन. विरोधाचं निवेदन आत्ता देणार नाही. आधी करारनामा, भाग नकाशा आणि ऑडिटचा अहवाल हे तीन कागद गोळा करीन. मग चौदा गाळेधारक, वाचनालयाचे चिटणीस, नाट्यमंडळी आणि बाजारातले चार जण असे एकत्र बसवीन. मागण्या दोनच ठेवीन, दहा ठेवल्या तर पालिका त्यातली सोपी मान्य करून फोटो काढते. पहिली, काम टप्प्यांत करा, अर्धी इमारत चालू ठेवून अर्धी दुरुस्त करा किंवा बांधा. तेही शक्य नसेल तर त्याच चौकात, दोनशे पावलांच्या आत तात्पुरते गाळे. ‘बाजार समितीच्या आवारात सोय करू’ याला हो म्हणू नका. पुस्तकाचं दुकान दोन वर्षं शाळेच्या वाटेवरून हललं की गिऱ्हाईक मोडतं, आणि मोडलेलं गिऱ्हाईक उद्घाटनाच्या फितीने परत येत नाही. दुसरी, सध्याच्या गाळेधारकांना तळमजल्यावरच जागा, लिलावाशिवाय, ठरलेल्या भाड्याने, आणि हे पाडकामाच्या आदेशाआधी नोंदणीकृत करारात. आश्वासनात नको, सभेच्या इतिवृत्तातही नको. लिलाव टाळता येईल का, हे पालिकेच्या मालमत्ता देण्याच्या नियमांवर आणि वरच्या मंजुरीवर अवलंबून आहे. मुख्याधिकारी ‘माझ्या हातात नाही’ म्हणाले तर ते खोटं बोलत असतीलच असं नाही. मग प्रस्ताव वर पाठवायला लावा आणि त्याची प्रत घ्या.

या दोन गोष्टी लेखी मिळाल्या तर नाट्यगृह दुरुस्त होवो की नवं बांधलं जावो, तुमची पेठ तगेल असं मला वाटतं. मिळाल्या नाहीत तर जुनी इमारत जशीच्या तशी वाचली तरी तिच्याखाली पाच वर्षांनी एटीएमच असतील.

नव्या गाळ्यासाठी आत्ता नंबर लावू का, याचं उत्तर: अर्ज भरून ठेवा, पैसे भरू नका, आणि ‘जुन्या गाळ्यावरचा हक्क सोडत आहे’ अशी ओळ असलेल्या कुठल्याही फॉर्मवर सही करू नका. ती ओळ दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात असते.

सिटी सर्व्हे ऑफिसमधून त्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढलंत की धारकाच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय ते कळवा. नाट्यगृहाची जागा कुणी दान दिली असेल आणि दानपत्रात ‘नाटक-वाचनासाठीच’ अशी अट असेल, तर प्रकरण बरंच वेगळं होतं. तेव्हा वरचं अर्धं उत्तर मला बदलून द्यावं लागेल.